यिर्मयाने शेत विकत घेतलं होतं

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

पत्र लिहिणारी मुलगी चोवीस वर्षांची, नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेली. वडील एसटीतून निवृत्त झालेले, धाकटा भाऊ बारावीला. मुलीने भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि पीएच.डी.साठी दुसऱ्या शहरातल्या संस्थेत तिची निवड झाली आहे. गेली दोन-तीन वर्षं वडील रात्र-रात्र मोबाइलवर एका प्रचारकाचे व्हिडिओ बघतात. बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकातले आकडे मांडून या प्रचारकाने प्रभूच्या येण्याची तारीख काढली आहे. तिला सात महिने उरलेत. वडील म्हणतात, शिकून काय करणार, वेळच उरलेला नाही. घराचे गळके पत्रे बदलायचे नाहीत, भावाने सीईटीचा क्लास लावायचा नाही आणि आईने स्वतःच्या पगारातून घेतलेला दोन गुंठ्यांचा प्लॉट विकून पैसे त्या प्रचारकाच्या सेवेला द्यायचे. मुलगी आडवी आली तेव्हा ते म्हणाले, "तेरा अब्ज वर्षांचं विश्व मानणाऱ्यांनी मला पवित्र शास्त्र शिकवू नये." तिकडे विभागातले मित्र तिच्या गळ्यातला क्रूस बघून विचारतात, तू अजून हे मानतेस? जाता जाता तिने आणखी एक गोष्ट लिहिली आहे. तोच प्रचारक एका व्हिडिओत कोविडच्या लशीला श्वापदाची खूण, म्हणजे प्रकटीकरणाच्या पुस्तकातली देवाच्या शत्रूची खूण, म्हणतो. आईने गावात स्वतःच्या हाताने ती लस टोचली होती. तो व्हिडिओ लागला की पप्पा काही बोलत नाहीत, अंगठ्याने पुढे सरकवतात. तिचा प्रश्न असा: "मी विज्ञान सोडू की विश्वास? दोन्ही धरून राहणं आता ढोंग वाटायला लागलंय."

जय ख्रिस्त.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी आधी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा बत्तिसावा अध्याय काढला. तुझ्या आईच्या प्लॉटमुळे तो आठवला. संडे स्कूलमध्ये हा अध्याय फारसा कोणी शिकवत नाही, म्हणून थोडा सविस्तर सांगते.

बाबेलच्या सैन्याने यरुशलेमाला वेढा घातला आहे. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. कैदेत कशासाठी, तर हे शहर पडणार असं तो राजाच्या तोंडावर सांगतो म्हणून. आणि ते खरं होतं. इ.स.पू. ५८७ च्या सुमाराला शहर पडलं, मंदिर जळालं. तर अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत तू घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. यिर्मया ते घेतो. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. खरेदीखत लिहितो, साक्षीदार बोलावतो. एक प्रत मोहरबंद करतो, एक उघडी ठेवतो. मग दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हातात देऊन सांगतो, मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत. कारण या देशात लोक पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतील.

तलाठ्याच्या नाहीतर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जो कधी रांगेत उभा राहिला आहे, त्याला हा प्रसंग लगेच ओळखीचा वाटेल. पैसे मोजले, साक्षीदार आणले, दोन प्रती केल्या, कागद कोरड्या जागी ठेवले. शेवट जवळ आलाय हे ज्या माणसाला खरोखर कळलं होतं, त्याने वेढा चालू असताना जमीन घेतली आणि कागदपत्रं चोख केली. तुझ्या पप्पांना जमीन विकायला सांगणारा माणूस याच्या बरोबर उलट सांगतो आहे. माझी तुला पहिली विनंती अशी की, पप्पांशी बोलताना विज्ञानाचा विषय काढूच नकोस. हा अध्याय काढ.

आता तुझ्या पत्रात जे गृहीत धरलेलं आहे, त्याकडे येते. बायबलमधलं भविष्य म्हणजे पुढच्या घटनांचं वेळापत्रक, हे तू आणि पप्पा दोघांनीही धरून चालला आहात. त्यांना ते वेळापत्रक खरं वाटतं, तुला ते खोटं ठरेल असं वाटतं, एवढाच फरक. यात थोडा दोष आपल्या बोलण्याचाही आहे. 'भविष्यवाणी' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पंचांग येतं, पत्रिका येते, रविवारच्या पेपरातलं राशिभविष्य येतं. मराठी बायबलात मात्र या माणसांना 'संदेष्टे' म्हटलं आहे. संदेष्टा म्हणजे निरोप आणणारा. ज्योतिषाला आपण 'कधी' असं विचारतो, निरोप्याला 'काय' असं विचारतो. आमोस उघडून बघ. माप लहान आणि तराजू खोटा ठेवून गरिबाला नाडणाऱ्यांवर तो तुटून पडतो. मापात पाप, आपल्या बाजारातलंच. पुढे काय होईल हे तो सांगतो, पण आज तुमचं चुकतं आहे हे ऐकू यावं म्हणून सांगतो.

योनाची गोष्ट तर लहान मुलांनाही पाठ असते, पण ती माशापाशीच थांबते. पुढे योना निनवे शहरात जाऊन सरळ मुदत देतो. चाळीस दिवस, मग नाश. लोक पश्चात्ताप करतात, चाळीस दिवस जातात, शहर उभंच राहतं. योना रागावून बसतो. म्हणजे शास्त्रात उघड्या शब्दांत दिलेली एक मुदत टळली, आणि ती टळावी हीच देवाची इच्छा होती. हे वाचल्यावर तारखेला एवढं चिकटून बसायचं कारण मला तरी उरत नाही.

प्रभूने स्वतः काय म्हटलं ते पप्पांना नक्की ठाऊक असेल. त्या दिवसाविषयी आणि घटकेविषयी कोणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही. मार्कच्या तेराव्या अध्यायात आहे, मत्तयात आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच पानावर शिष्य पुन्हा विचारतात आणि उत्तर मिळतं की काळ-वेळ जाणून घेणं हे तुमचं काम नाही. तारीख काढणारे यातून वाट काढतात. म्हणतात, दिवस आणि घटका कळणार नाही असं लिहिलंय, वर्ष आणि महिना कळणार नाही असं कुठे आहे? शब्दाला शब्द लावून प्रभूचं म्हणणंच उलटं करायचं, याचा मला राग येतो. लपवत नाही.

दानीएलच्या आकड्यांचं म्हणशील, तर तू आकड्यांतली आहेस, तुला हे आवडेल. न्यूयॉर्क राज्यातला विल्यम मिलर नावाचा शेतकरी, बाप्तिस्त मंडळीचा (चर्चचा), प्रामाणिक माणूस. दानीएल ८:१४ मध्ये २,३०० संध्याकाळ-सकाळ असा आकडा आहे. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं आणि इ.स.पू. ४५७ पासून मोजायला सुरुवात केली. २,३०० मधून ४५७ गेले, उरले १,८४३. येशू १८४३ च्या सुमाराला येणार असं त्याने जाहीर केलं. मग लक्षात आलं की इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही, म्हणजे एक वर्ष वाढवायला हवं. शेवटी त्याच्या चळवळीतल्यांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस पक्का केला. हजारो माणसं वाट बघत बसली. काहींनी उभं पीक काढलं नाही. सकाळ झाली. एकाने पुढे लिहून ठेवलं की आम्ही उजाडेपर्यंत रडत होतो.

मिलरची वजाबाकी बरोबर होती. शून्य वर्षाची दुरुस्तीसुद्धा बरोबर होती. चूक त्याआधीच झाली होती. तो आकडा आपल्या काळासाठी आहे, हे त्याने कोणाला न विचारता धरलं होतं. त्याच अध्यायात, विसाव्या आणि एकविसाव्या वचनात, दर्शनाचा अर्थ दिलेला आहे. एडका म्हणजे मेदी आणि पारसी राजे, बोकड म्हणजे ग्रीसचा राजा. पुढचं वर्णन अँटिओकस एपिफानिस या ग्रीक राजाला लागू पडतं, ज्याने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमाचं मंदिर विटाळलं आणि तीन वर्षांनी ते पुन्हा शुद्ध करण्यात आलं. हे दानीएलने शतकानुशतकं आधी पाहिलं, की त्या छळाच्याच काळात कोणी लिहिलं, यावर अभ्यासकांत वाद आहे आणि दोन्ही बाजूंना विश्वासू माणसं आहेत. पण तो आकडा नगर जिल्ह्यातला प्लॉट विकण्याची मुदत आहे, असं दोन्हींतल्या कोणत्याच बाजूने निघत नाही.

मिलरच्या लोकांपैकी काहींनी पुढे १८६३ मध्ये सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी उभी केली. पुण्यातली स्पायसर ही शिक्षणसंस्था तुला माहीत असेल, ती यांचीच. २२ ऑक्टोबरला स्वर्गात काहीतरी घडलं असं ते आजही मानतात, पण प्रभूच्या येण्याची नवी तारीख काढायची नाही हे ते पोळून शिकले. सगळे शिकले नाहीत. अमेरिकेतल्या हॅरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या प्रचारकाने आधी १९९४ सांगितलं, मग २१ मे २०११, मग त्याच वर्षीचा २१ ऑक्टोबर. माणसांनी आयुष्यभराची पुंजी जाहिरातींवर घातली. २०१२ मध्ये त्याने जाहीर पत्र लिहून चूक कबूल केली, आपल्या हातून पाप झालं असं म्हटलं. खर्च झालेले पैसे अर्थातच परत येणारे नव्हते. हे पप्पांना हिणवायला सांगू नकोस. पण तुझ्या भावाच्या वयाच्या मुलांना हा इतिहास माहीत असायला हवा.

शेवटच्या काळाविषयी ख्रिस्ती लोकांचं एकच मत आहे, असंही नाही. प्रभू पुन्हा येणार, हे आपण मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, दर रविवारी म्हणतो, त्यावर फाटाफूट नाही. प्रकटीकरणाचं पुस्तक कसं वाचायचं यावर मात्र आहे. ते आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, सात मंडळ्यांना लिहिलेलं पत्र आहे आणि त्यातलं बरंचसं रोमी सत्तेच्या छळाबद्दल आहे, असं पुष्कळजण मानतात. 'नीरो कैसर' हे नाव हिब्रू अक्षरांत मांडून अक्षरांच्या किमतींची बेरीज केली की ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे आणि नावाच्या लॅटिन रूपाला तोही जुळतो. दुसरे म्हणतात, यात सगळ्या काळातल्या मंडळीची झुंज चित्रांतून दाखवली आहे. तिसरे सगळं पुढे घडायचं आहे असं धरतात. आधी मंडळी आकाशात उचलली जाईल, मग सात वर्षांचं संकट, अशी जी मांडणी पप्पा ऐकतात, तिला घाट दिला जॉन नेल्सन डार्बीने, १८३० च्या दशकात. ती चूकच आहे असा निकाल मी देत नाही. माझ्या सख्ख्या नात्यातली माणसं ती मानतात. पण दोन हजार वर्षांच्या मंडळीत ती दोनशे वर्षांचीही नाही. तेव्हा हे न मानणारा अविश्वासी, असं कोणी म्हणू नये.

आता तुझा खरा प्रश्न, विज्ञान की विश्वास. इथेही काहीतरी धरून चाललं आहे. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं मानलं की देव खोटा ठरतो, हे पप्पांना वाटतं आणि तुझ्या विभागातल्या मित्रांनाही वाटतं. दोघांचं एकमत आहे, म्हणून ते तुला खरं वाटायला लागलंय. पण हे विस्तारणारं विश्व समीकरणांतून पहिल्यांदा मांडणाऱ्यांत कोण होता? जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू. त्याचा निबंध १९२७ चा, हबल या खगोलशास्त्रज्ञाच्या प्रसिद्ध निरीक्षणांच्या दोन वर्षं आधीचा. १९३१ मध्ये त्याने विश्वाच्या आरंभीच्या 'आदिम अणू'ची कल्पना मांडली. पुढची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात सुचवलं की नव्या विज्ञानाने उत्पत्तीलाच साक्ष दिली आहे. कोणत्याही धर्मगुरूला आनंद व्हावा अशी गोष्ट. लमेत्र अस्वस्थ झाला. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नांच्या बाहेरचा आहे, तो मानणारा आस्तिक असू शकतो आणि नास्तिकही, असं त्याचं म्हणणं होतं. उद्या समीकरण बदललं तर लोकांनी देवही बदलायचा का? पुढच्या वर्षीच्या भाषणात पोपनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही. सकाळी मिस्सा करणारा आणि दुपारी सापेक्षतेची समीकरणं सोडवणारा हा माणूस ढोंगी होता, असं मला तरी म्हणवत नाही.

म्हणून एक सांगते, थोडं कडू लागेल. आपल्याच मंडळ्यांमधले काही उत्साही लोक शास्त्रात विज्ञान आधीच सांगितलंय असं दाखवत फिरतात. ईयोब २६:७ मध्ये देवाने पृथ्वी निराधार टांगली असं आहे, बघा, गुरुत्वाकर्षण! मग स्तोत्र १०४:५ चं काय करायचं? तिथे पृथ्वी पायावर बसवलेली आहे, कधी ढळणार नाही. याच धर्तीच्या वचनांचा आधार घेऊन गॅलिलिओला अडवलं गेलं, १६३३ मध्ये त्याला शिक्षा झाली आणि मंडळीने चूक झाली असं म्हणायला १९९२ उजाडलं. ईयोब आणि स्तोत्र, दोन्ही कविता आहेत. कवितेतून भौतिकशास्त्राचा धडा काढणारा आणि दानीएलातून तारीख काढणारा, दोघं शास्त्राला जे विचारायला नको तेच विचारत असतात. पप्पांच्या तारखेला हरकत घेणाऱ्या तुला उद्या कोणी 'बायबलमध्ये ब्लॅक होल' असा व्हिडिओ पाठवला, तर त्यालाही तीच हरकत घे. सोयीचा आहे म्हणून ठेवून घेऊ नकोस.

संत ऑगस्टिनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना हेच बजावलं होतं. आकाश, ग्रह-तारे यांविषयी अख्रिस्ती माणसालाही पुष्कळ ठाऊक असतं. आपण शास्त्राच्या नावाने त्याला तिथे काहीतरी चुकीचं सांगितलं, तर पुनरुत्थानाविषयी सांगायला गेल्यावर तो आपलं का ऐकेल? तुझ्या विषयाचा आद्य पुरुष न्यूटन घे. दानीएल आणि प्रकटीकरण यांच्यावर त्याने वर्षानुवर्षं घालवली, एका कागदावर २०६० हे वर्षही काढलं. पण तिथेच त्याने लिहिलं की शेवट केव्हा आहे हे ठरवायला मी हे मांडत नाही, उठसूट तारखा सांगणाऱ्यांनी थांबावं म्हणून मांडतो. भविष्यं लोकांचं कुतूहल भागवायला दिलेली नाहीत, घडून गेल्यावर त्यांचा अर्थ लागावा म्हणून दिलेली आहेत, असं तो म्हणतो.

हे शास्त्रातही दिसतं. पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवर येशू सोबत चालत असूनही त्याला न ओळखणारे दोन शिष्य आठव. संदेष्ट्यांची वचनं त्यांना पाठ होती, तरी मसीहा क्रूसावर जाईल हे कोणालाही आधी मांडता आलं नाही. भाकर मोडताना डोळे उघडले, मग मागचं सगळं जुळलं. त्याच्याही आधी, मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात हेरोद राजा विचारतो, मसीहाचा जन्म कुठे व्हायचा? शास्त्री मीखाचं वचन धडाधड म्हणून दाखवतात, बेथलेहेमात. पत्ता अगदी बरोबर होता, पण ते शास्त्री तिथे गेल्याचं कुठे लिहिलेलं नाही. गेले कोण, तर पूर्वेकडून आलेले, आकाश बघणारे परके लोक. विभागात पुन्हा कोणी क्रूसाविषयी विचारलं तर वाद घालायची गरज नाही. 'हो, मानते' एवढं म्हण आणि आपलं काम चांगलं कर. ज्याला खरंच जाणून घ्यायचं असेल तो चहा प्यायला बसल्यावर पुन्हा विचारेल.

पप्पांविषयी बोलायचं तर, तुझ्या पत्रात आईचं जाणं एका ओळीत आलं आहे आणि व्हिडिओंविषयी दीड पान. मला वाटतं, पप्पांच्या मनात हे उलट असेल. २०२१ च्या त्या महिन्यांत किती जणांना शेवटचं बघायलाही मिळालं नाही, दफनविधीला चार माणसं नव्हती. त्यानंतर रात्री झोप न येणाऱ्या माणसाला कोणी सांगितलं की सात महिन्यांत कर्णा वाजेल आणि प्रभूत निजलेले उठतील, तर त्याला त्यात काय ऐकू येईल? सात महिन्यांत ती भेटेल, असं ऐकू येईल. तू तारीख खोडून काढतेस तेव्हा त्यांच्या लेखी त्यांची ती भेट हिरावून घेतेस. म्हणून ते चिडतात. तेरा अब्ज वर्षांशी त्यांचं काही वाकडं नाही.

आणि तो पुढे सरकवलेला व्हिडिओ. तुझ्या पत्रातली सगळ्यात आशेची जागा मला तीच वाटते. आईच्या हातातल्या सुईला कोणी श्वापदाची खूण म्हणतं आणि पप्पांचा अंगठा ते मान्य करत नाही. म्हणजे त्यांची पारख शाबूत आहे. प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो की संदेश तुच्छ मानू नका, पण सगळ्याची पारख करा. एखाद्या निवांत संध्याकाळी एवढंच विचार, "पप्पा, तो लशीचा व्हिडिओ तुम्ही का बघत नाही?" आणि मग गप्प राहा. उत्तराला वेळ लागेल, रडूही येईल. येऊ दे.

आता करायच्या गोष्टी. तुझ्यासारखी आणखी घरं मला माहीत आहेत, त्यांनाही उपयोगी पडतील. प्लॉट आईच्या नावावर होता आणि तिने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागतो. त्याप्रमाणे पप्पांचा हिस्सा एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश तुम्हा दोघा भावंडांचे. त्यांना एकट्याने अख्खा प्लॉट विकता येत नाही, आणि भाऊ अठराचा झाला नसेल तर त्याच्या हिश्श्यासाठी न्यायालयाची परवानगी लागू शकते. तालुक्यातल्या वकिलाला कागद दाखव, वारसनोंद झाली आहे का बघ. हे पप्पांच्या मागे लपून करू नकोस. "आईच्या नावाचे कागद नीट करून घेऊ" असं सांगून त्यांना सोबत घेऊन जा. बारूख आणि मडकं आठवायला सांग.

पैशांबाबत त्यांच्याकडून एकच शब्द घे. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत मोठा व्यवहार करायचा नाही. तारीख खरी ठरली तर पैसे कोणालाच लागणार नाहीत, नाही ठरली तर भावाची फी शाबूत राहील. दान द्यायचंच असेल तर आईच्या नावाने, डोळ्यांसमोरच्या कामाला, पावती घेऊन. आणि तुमच्या पाळकसाहेबांना घरी बोलाव. उपदेश करायला बोलावू नकोस, जेवायला बोलाव. तारखेच्या नादापायी माणूस उपासनेला यायचं सोडतो, मग मोबाइलच त्याची मंडळी होते. बोलणारं माणूस घरात आलं की निम्मं काम होतं.

पप्पा गोळ्या वेळेवर घेतात का, रात्री किती वाजता झोपतात, जेवण कमी झालंय का, हे बघ. झोप पार उडाली असेल किंवा 'आता जगून काय' असं बोलू लागले असतील, तर डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नकोस. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येतं. प्रार्थना करणाऱ्या माणसालाही डॉक्टर लागतो, लूक स्वतः वैद्य होता.

पीएच.डी.ला तू जा. पप्पांच्या होकाराची वाट बघत जागा घालवू नकोस. पण फोनची वेळ ठरवून घे. रोज रात्री पंधरा मिनिटं, जेव्हा व्हिडिओ सुरू होतात त्याच वेळी, दोघांनी मिळून एक अध्याय वाचायचा. यिर्मया २९ पासून सुरू कर. बाबेलात नेलेल्या लोकांना तो पत्र लिहितो. सुटका सत्तर वर्षांनी आहे, तोवर घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं भलं मागा. मग थेस्सलनीकाकरांना दुसरं पत्र. प्रभूचा दिवस येऊन ठेपला म्हणून कामधंदा सोडलेल्यांना पौल काय म्हणतो, ते त्यांनाच मोठ्याने वाचू दे.

मी सात वर्षांची होते तेव्हा अष्टग्रही झाली. फेब्रुवारी १९६२, मकरेत आठ ग्रह, सोमवारी सूर्यग्रहण. जग बुडणार म्हणून गावात होमहवन चाललं होतं, कोणी धान्य भरत होतं, कोणी गाव सोडत होतं. माझे वडील पाळक होते. त्याआधीच्या रविवारी, ४ तारखेला, मंडळी एरवीपेक्षा दुप्पट भरली, हिंदू शेजारीसुद्धा मागच्या बाकांवर येऊन बसले. सगळ्यांना वाटलं, आज साहेब शेवटच्या दिवसांवर बोलणार. ते नेहमीच्या पाठावर बोलले. शेवटी आशीर्वादाच्या आधी चष्मा लावून त्यांनी खिशातला कागद काढला आणि पुढच्या रविवारी झाडलोटीची पाळी कोणाची, दिव्याच्या तेलाची कोणाची, ते वाचून दाखवलं. ती नावं ऐकताना मागच्या बाकावरच्या एका म्हातारीने सोडलेला श्वास मला अजून ऐकू येतो.

त्या तारखेच्या दिवशी तू घरी ये, सुट्टी काढून. रात्री त्यांच्या सोबत बस, गीतं म्हणा. सकाळी 'बघा, मी म्हटलं नव्हतं' असं चुकूनही म्हणू नकोस. चहा टाक, आणि आईच्या कबरीवर जायचं का विचार. पत्रे मात्र त्याआधीच बदलून घ्या, मृगाच्या आत. एका दिवसाचं काम आहे, भावाला हाताशी घे, आणि शिडी धरायला पप्पांना सांग.